‘एकमेव’ म्हणण्याआधी: अमेरिकन मसल कारमधील दुर्मिळ इंजिन-गिअरबॉक्स जोडीची नोंद कशी करावी

साधारण १९६४ ते १९७२ या काळात अमेरिकेत बनलेल्या मसल कारची (मोठे, ताकदवान इंजिन बसवलेल्या गाडीची) आजची किंमत प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते: कारखान्याने त्या गाडीत कोणते इंजिन बसवले आणि त्याच्या मागे कोणता गिअरबॉक्स जोडला. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेलचे उदाहरण घ्या. ३०७ घनइंची साध्या व्ही-८ इंजिनाची घरगुती मालिबू कूप आणि ४५० अश्वशक्तीचे एलएस६ जातीचे ४५४ घनइंची इंजिन असलेली कूप, या दोहोंच्या चेसिस नंबरची सुरुवात एकसारखीच, १३६३७०, अशी असते. त्या क्रमांकात गाडी व्ही-८ आहे इतकेच कळते. कोणते व्ही-८, ते कळत नाही. दोन गाड्यांच्या किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असल्यामुळे पहिलीची दुसरी करून विकण्याचा उद्योग गेली कित्येक दशके चालू आहे. म्हणून अशा जोडीची नोंद करणे म्हणजे एकमेकांवर अवलंबून नसलेले पुरावे गोळा करून ते परस्परांशी जुळतात का, हे पाहणे होय.

भारतातल्या वाचकाला येथे एक गोष्ट वेगळी वाटेल. आपल्या आरसी बुकात चेसिस नंबरबरोबर इंजिन नंबरही असतो. अमेरिकेतील मालकीच्या दाखल्यावर, ज्याला तेथे टायटल म्हणतात, सामान्यतः फक्त चेसिस नंबर म्हणजेच व्हीआयएन असतो. इंजिन बदलले तरी सरकारी कागदाला त्याचा पत्ता नसतो, त्यामुळे टायटल हा या कामात इंजिनाचा पुरावा ठरत नाही.

दावा आधी एका वाक्यात लिहावा

गाडीला हात लावण्यापूर्वी आपण नेमके काय सिद्ध करू पाहतो, ते वर्ष, मॉडेल, बॉडीचा प्रकार, इंजिन आणि गिअरबॉक्स या पाच गोष्टींत मांडावे. उदाहरणार्थ, ‘१९७० ची प्लिमथ कुडा, हार्डटॉप, ४२६ घनइंची हेमी इंजिन, चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स’. या वर्गातल्या हेमी हार्डटॉपची सर्वसाधारणपणे मान्य संख्या ६५२ असून त्यांपैकी २८४ मॅन्युअल आणि बाकीच्या ऑटोमॅटिक होत्या. त्याच वर्षीच्या उघड्या छताच्या हेमी कुडा १४ सांगितल्या जातात आणि त्यांत चार गिअरच्या पाच. ही खरी दुर्मिळता आहे, कारण इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी या तिन्हींमुळे गाडी यांत्रिकदृष्ट्या वेगळी ठरते. याउलट रंग, सीटचे कापड, रेडिओ आणि आरशाचा प्रकार अशा चाळण्या एकापाठोपाठ लावत गेलो, तर त्या काळातली जवळपास कोणतीही गाडी ‘जगात एकमेव’ ठरवता येते. विक्रीच्या जाहिरातीत ते शोभते. नोंदीत त्याला जागा देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडा वापरताना तो कशाचा आहे, हेही लिहावे. १९७० च्या एलएस६ साठी ४,४७५ हा आकडा सर्वत्र दिला जातो. पण तो शेव्हेल आणि एल कॅमिनो (तिच्याच धर्तीची पिकअप) यांत मिळून बसवलेल्या इंजिनांचा आहे. शेव्हरोलेने तो बॉडीप्रमाणे फोडून दिलेला नाही. त्यामुळे ‘एलएस६ कन्व्हर्टिबल इतक्याच’ असे ठामपणे सांगणारा माणूस अंदाजच सांगत असतो, मग तो अंदाज कितीही अभ्यासपूर्ण असो.

कोणत्या कंपनीचे काय शिल्लक आहे

पुढची सगळी मेहनत या एका उत्तरावर अवलंबून असल्याने ते आधी मिळवावे. फोर्डच्या बाबतीत काम सर्वांत सोपे आहे. १९६७ पासूनची उत्पादनाची संगणकीय माहिती फोर्डच्या परवान्याने मार्टी ऑटो वर्क्स या संस्थेकडे आहे आणि व्हीआयएन दिल्यावर त्या गाडीचा अहवाल विकत मिळतो. पाँटियाकसाठी पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस, म्हणजेच पीएचएस, कारखान्याने डीलरला लावलेल्या बिलाची प्रत देते आणि तिच्यात इंजिन व गिअरबॉक्सचे ऑर्डर कोड असतात. कॅनडात विकल्या गेलेल्या जनरल मोटर्सच्या (शेव्हरोले, पाँटियाक वगैरे) गाड्यांच्या नोंदी तेथील कंपनीने जपल्या. म्हणून तीच शेव्हेल कॅनडात विकली गेली असेल तर सिद्ध करणे सोपे असते आणि अमेरिकेत विकली गेली असेल तर अवघड. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोले गाड्यांची अशी गाडीवार नोंद सर्वसामान्यांना उपलब्ध नाही. क्रायस्लरच्या (प्लिमथसह) गाड्यांत बरीचशी माहिती गाडीवरच लिहिलेली असते.

एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवावी: असा अहवाल गाडी जन्माला आली तेव्हा तिच्यात काय होते एवढेच सांगतो. आज बोनेटखाली तेच इंजिन आहे का, याचे उत्तर केवळ धातूवरच्या शिक्क्यांतून मिळते.

गाडीची ओळख

१९६८ पासून व्हीआयएनची पट्टी ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डवर, काचेतून दिसेल अशी असते. पट्टीचे आणि तिच्या रिव्हेटचे जवळून फोटो घ्यावेत. जनरल मोटर्सच्या या काळातल्या रिव्हेटची टोपी फुलाच्या पाकळ्यांसारखी असते आणि साधी गोल टोपी दिसली तर पट्टी हलवली गेली असावी, असा संशय धरावा. व्हीआयएन काढणे किंवा बदलणे हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे, त्यामुळे संशय आल्यास पट्टीला हात न लावता फोटो आणि निरीक्षण नोंदवून थांबावे.

याशिवाय व्हीआयएनचा काही भाग बॉडीवर किंवा फ्रेमवरही ठोकलेला असतो. शेव्हेलमध्ये तो हीटरच्या खोक्यामागे फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीवर) आणि मागच्या बाजूला फ्रेमच्या वरच्या पृष्ठभागावर शोधावा लागतो. गाडी रंगासाठी उघडलेली असेल तर हीच संधी साधावी, कारण सगळे परत जोडल्यावर या जागा पुन्हा दिसत नाहीत.

फोर्ड आणि क्रायस्लर यांच्या व्हीआयएनमध्ये पाचवे अक्षर इंजिनाचे असते. १९७० च्या कुडामध्ये ‘बीएस२३आर०बी’ यातला ‘आर’ म्हणजे ४२६ हेमी, ‘व्ही’ म्हणजे तीन कार्ब्युरेटरचे ४४०, तर शेवटचा ‘बी’ हा हॅमट्रॅमकच्या कारखान्याचा. १९६९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये ‘आर’ म्हणजे रॅम एअरचे (बोनेटवरून थेट बाहेरची हवा घेणारे) ४२८ कोब्रा जेट, ‘क्यू’ म्हणजे रॅम एअरविना तेच इंजिन आणि ‘झेड’ म्हणजे बॉस ४२९. एकच अक्षर दोन कंपन्यांत वेगळे बोलते, म्हणून तक्ता त्या कंपनीचा आणि त्याच वर्षाचा वापरावा. शिक्क्यांवरची अक्षरे रोमन आहेत. येथे ती देवनागरीत दिली असली तरी नोंदवहीत मूळ रोमन अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत.

इंजिनाचा शिक्का

येथे घाई करू नये, कारण खोटेपणा सर्वांत जास्त याच जागी होतो. शेव्हरोलेच्या व्ही-८ वर प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या अगदी पुढे ब्लॉकचा एक सपाट तुकडा असतो, त्याला पॅड म्हणतात. त्यावर दोन वेगवेगळे शिक्के असतात. पहिला इंजिनाच्या कारखान्यात पडतो: ‘टी०३०५सीआरव्ही’ याचा अर्थ टोनावांडा कारखाना, ५ मार्च, आणि सीआरव्ही म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी बनवलेले एलएस६. तेच इंजिन टर्बो ४०० ऑटोमॅटिकसाठी असेल तर शेवटची अक्षरे सीआरआर येतात. म्हणजे जोडीचा पहिला पुरावा गिअरबॉक्स न पाहताच मिळतो. १९६९ च्या कॅमॅरोत संपूर्ण ॲल्युमिनियमचे झेडएल१ इंजिन बसवलेल्या ज्या ६९ गाड्या बनल्या, त्यांतही एमएल हा कोड मॅन्युअलचा आणि एमएम ऑटोमॅटिकचा. पाँटियाकची पद्धतही अशीच: १९६९ च्या जीटीओतील रॅम एअर ४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यू मॅन्युअलसाठी, एक्सपी ऑटोमॅटिकसाठी.

या पहिल्या शिक्क्यात महिना आणि दिवस असतात, वर्ष नसते, हे विसरू नये. वर्ष दुसऱ्या शिक्क्यातून येते. तो गाडी जोडणाऱ्या कारखान्यात पडतो आणि ‘१०बी’ व पुढे सहा अंक असा दिसतो: १ म्हणजे शेव्हरोले, ० म्हणजे १९७०, बी म्हणजे बॉल्टिमोर, आणि सहा अंक व्हीआयएनच्या शेवटच्या सहा अंकांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. दोन शिक्के दोन गावांत, दोन वेगळ्या हत्यारांनी मारलेले असल्याने त्यांच्या अक्षरांची उंची, खोली आणि ओळ यांत फरक असणे स्वाभाविक आहे. दोन्ही ओळी एकाच हाताच्या, एकाच खोलीच्या आणि पट्टी लावून मारल्यासारख्या सरळ दिसल्या, तर आनंद मानण्याऐवजी भिंग काढावे.

भिंगातून अक्षरांच्या मागचा पृष्ठभाग पाहावा. कारखान्यात पॅड ब्रोचिंग मशिनवर तासला जाई आणि त्याचे बारीक, समांतर ओरखडे धातूवर राहत. नंतर कोणी ब्लॉकचा वरचा भाग मशिनवर घासला की मूळ शिक्का आणि ओरखडे दोन्ही जातात. त्यावर नवा शिक्का मारला तर अक्षरे बरोबर असतात, पण पार्श्वभूमी चुकीची असते. इंजिन प्रामाणिकपणे दुरुस्त करतानाही ब्लॉक घासला जातो, त्यामुळे ओरखडे नाहीत म्हणजे फसवणूकच, असा निष्कर्ष काढता येत नाही; ‘ओरखडे दिसत नाहीत’ एवढेच लिहावे. पॅडवर ‘सीई’ अक्षरे सापडली तर तो वॉरंटीत कंपनीने दिलेला बदली ब्लॉक असतो. गाडीचे जन्माचे इंजिन गेले असा त्याचा अर्थ, पण ती तिच्या इतिहासातली खरी घटना आहे आणि नोंदीत ती सन्मानाने यावी.

पॅड स्वच्छ करताना तारेचा ब्रश, पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर वापरू नये. ग्रीस विरघळवणारे द्रावण, कापसाचा बोळा आणि जुना टूथब्रश पुरतो. मग टॉर्च अगदी आडवा धरून वेगवेगळ्या बाजूंनी प्रकाश पाडावा, कारण समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये उथळ अक्षरे सपाट होऊन नाहीशी होतात. पहिला फोटो संपूर्ण इंजिन-बे दाखवणारा, दुसरा पॅड आणि त्याच्या शेजारचे हेड दाखवणारा, तिसरा केवळ अक्षरांचा आणि त्यात मिलिमीटरची पट्टी ठेवलेली, अशा क्रमाने घ्यावेत. नुसत्या अक्षरांचा जवळून काढलेला फोटो कोणत्याही ब्लॉकचा असू शकतो. पॅडवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने उमटवलेला ठसाही जोडावा; अक्षरांचे आकार आणि अंतर त्यात फोटोपेक्षा विश्वासार्ह उतरतात.

त्यानंतर ब्लॉकवर ओतकामातच आलेले उठावदार आकडे. १९७० च्या ४५४ ब्लॉकचा कास्टिंग नंबर ३९६३५१२, आणि एलएस६ च्या हेडचा ३९६४२९१. कास्टिंग नंबर म्हणजे भागाची जात. त्यावरून इंजिन त्याच गाडीचे असल्याचे सिद्ध होत नाही. एलएस५ चा (४५४ च्याच कमी ताकदीच्या रूपाचा) ब्लॉकही त्याच क्रमांकाचा असू शकतो. जवळच ओतकामाची तारीख असते, ‘बी २० ०’ म्हणजे २० फेब्रुवारी १९७०.

गिअरबॉक्स

या कामात गिअरबॉक्सकडे नेहमी दुर्लक्ष होते. इंजिनाचे चाळीस फोटो असतात आणि गिअरबॉक्सच्या नावाने गाडीत बसलेल्या शिफ्टरचा एक, जो कोणीही एका दुपारी बदलू शकतो.

शेव्हरोलेचा चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स असेल तर गाडी रॅम्पवर घेऊन मुख्य केसवरचा शिक्का वाचावा. ‘पी०सी०२सी’ असे असल्यास पी मन्सी कारखान्याचा, ० वर्ष १९७०, सी मार्च, ०२ तारीख आणि शेवटचे अक्षर प्रकार सांगते: ए म्हणजे एम२०, बी म्हणजे एम२१, सी म्हणजे एम२२. हे शेवटचे अक्षर १९६९ पासून मिळते. महिन्याच्या अक्षरांत एक सापळा आहे. मन्सीमध्ये जानेवारीपासून अनुक्रमे ए, बी, सी, डी, ई, एच, के, एम, पी, आर, एस, टी ही अक्षरे येतात, तर ब्लॉकच्या ओतकामात ए ते एल सरळ चालतात. म्हणून ‘एच’ ब्लॉकवर ऑगस्ट असतो आणि गिअरबॉक्सवर जून. फोर्ड आय हे अक्षर गाळते, त्यामुळे तेथे सप्टेंबर ‘जे’ होतो. तारखांची बरीच भांडणे या एका गोंधळातून निघतात.

त्याच केसवर व्हीआयएनचा अंशही ठोकलेला असतो आणि तोच निर्णायक. आतला भाग तपासायची संधी मिळाली तर इनपुट शाफ्टवरील खाचा मोजाव्यात: एम२० ला दोन, एम२१ ला एक, एम२२ ला एकही नाही. पहिल्या गिअरचे गुणोत्तर या काळातल्या एम२० मध्ये २.५२ आणि एम२१, एम२२ मध्ये २.२० असते. एम२१ आणि एम२२ यांतला फरक गुणोत्तरात नसून दातांच्या तिरकेपणात आहे; एम२२ चे दात कमी तिरके म्हणून जास्त ताकद सोसतात आणि मोठा घरघराट करतात. आवाजावरून ओळख पटवणारे अनेक भेटतात, पण झिजलेला एम२१ देखील पुरेसा घरघरतो. आत नंतर कधीतरी दुसरे दाते बसवलेले असू शकतात, म्हणून केसचा शिक्का आणि आतले भाग यांची नोंद स्वतंत्र ठेवावी.

टर्बो ४०० वर रिव्हेटने लावलेली पत्र्याची छोटी पट्टी असते. ती कोड सांगते, परंतु एका केसवरून दुसऱ्यावर सहज जाते, त्यामुळे केसवर ठोकलेल्या व्हीआयएनच्या अंशालाच वजन द्यावे.

क्रायस्लरमध्ये फेंडर टॅग (बोनेटखाली फेंडरवर लावलेली कोडची पट्टी) खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या ओळीत ई७४ म्हणजे ४२६ हेमी, त्याच्या पुढे डी२१ म्हणजे चार गिअर किंवा डी३२ म्हणजे हेवी ड्यूटी टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक. हे टॅग आज नवे बनवून मिळतात. म्हणून यंत्राच्या बाजूने उलटतपासणी करावी. हेमी आणि ४४० साठी ए८३३ गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट १८ स्प्लाइनचा (शाफ्टच्या लांबीत कोरलेल्या दातांचा) असतो, लहान इंजिनांसाठी २३ चा. १९७० च्या कुडात हेमीबरोबर चार गिअर घेतले की मागे डेना ६० ॲक्सल येई. टॅगवर डी२१ आहे आणि गाडीखाली ८¾ इंची साधा ॲक्सल आहे, तर काहीतरी बदलले आहे. काय, ते शोधेपर्यंत नोंद पूर्ण मानू नये.

मागचा ॲक्सल

काही जोड्यांत ॲक्सलच इंजिनाचे नाव सांगतो. १९६९ च्या मस्टँगमध्ये ४२८ सुपर कोब्रा जेटला व्हीआयएनमध्ये वेगळे अक्षर नाही. साधा कोब्रा जेट आणि सुपर दोन्ही क्यू किंवा आर. ड्रायव्हरच्या दाराच्या पट्टीवर ॲक्सलचा कोड व्ही, म्हणजे ३.९१ ट्रॅक्शन-लॉक, किंवा डब्ल्यू, म्हणजे ४.३० डेट्रॉइट लॉकर, असेल तेव्हा ते सुपर कोब्रा जेट ठरते. त्याच पट्टीवर गिअरबॉक्सचा कोड असतो: ५ वाइड रेशो, ६ क्लोज रेशो, यू म्हणजे सी६ ऑटोमॅटिक. गाडीवर रेडिएटरपुढे तेल थंड करणारा कूलर दिसला पाहिजे. पट्ट्या नव्या बनतात, म्हणून मार्टी अहवालाशी ताडून पाहावे.

तारखांची साखळी

सगळ्या तारखा एका कागदावर चढत्या क्रमाने मांडाव्यात. वरच्या उदाहरणात ब्लॉक ओतला २० फेब्रुवारीला, गिअरबॉक्स जोडला २ मार्चला, इंजिन जोडले ५ मार्चला, आणि फायरवॉलवरील ट्रिम टॅगवर (बॉडीची माहिती देणाऱ्या पट्टीवर) ‘०३सी’ म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा. ही साखळी नैसर्गिक आहे. ब्लॉकची तारीख गाडीच्या नंतरची असेल तर विषय तिथेच संपतो. ती बरीच आधीची असेल तर आपोआप बाद होत नाही, कारण कमी खपाचे भाग कारखान्यात पडून राहत. मात्र त्यासाठी दुसरा पुरावा भक्कम हवा.

कागद

शेव्हरोलेसाठी बिल्ड शीटला (गाडी जोडताना कामगारांना दिलेल्या, तिच्यातील भागांच्या यादीच्या कागदाला) पर्याय नाही. ती पेट्रोलच्या टाकीवर, सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा कार्पेटखाली सापडते. कॉर्व्हेटमध्ये टाकीवरच चिकटवलेली असे. सापडल्यावर जागेवरच, हलवण्याआधी, फोटो घ्यावा आणि पहिल्यांदा तिच्यावरचा व्हीआयएन वाचावा, कारण कामगारांनी शेजारच्या गाडीची शीट टाकल्याची उदाहरणे आहेत. ओली किंवा ठिसूळ शीट उलगडण्याचा हट्ट न धरता ती कागद-संवर्धन करणाऱ्याकडे द्यावी. लॅमिनेशन तर कधीही करू नये, त्यामुळे कागदाचे वय तपासण्याची शक्यताच संपते. वॉरंटी पुस्तिकेतील प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची पट्टी इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल तिन्हींचे कोड देते, पण तिच्याही नकला बनतात. खिडकीचा किमतीचा कागद, डीलरचे बिल, सर्व्हिसच्या पावत्या आणि पहिल्या मालकाच्या अल्बममधील फोटो जमवावेत. फोटोत बोनेटखालचे इंजिन किंवा गाडीतला शिफ्टर आला असेल तर तो नंतर छापलेल्या कागदापेक्षा मोलाचा.

नोंद लिहिताना

प्रत्येक बाबीसाठी तीन रकाने ठेवावेत: काय दिसले, त्याचा फोटो क्रमांक, आणि त्यावरून काय अनुमान काढले. ‘पॅडवर सीआरव्ही’ हे निरीक्षण आहे. ‘मूळ एलएस६’ हे अनुमान आहे आणि ते पहिल्या रकान्यात शिरता कामा नये. शेवटी दर्जा लिहावा: कारखान्याच्या नोंदीने सिद्ध, गाडीवरील मूळ कागद आणि शिक्क्यांनी सिद्ध, शिक्के जुळतात पण कागद नाही, किंवा केवळ कास्टिंग व तारखा जुळतात. अमेरिकेत विकलेल्या बहुतेक शेव्हेल तिसऱ्या दर्जापर्यंतच पोहोचतात, आणि तसे लिहिण्यात कमीपणा नाही. न जुळलेल्या गोष्टी शेवटच्या पानावर ढकलू नयेत. त्या त्या भागाच्या शेजारीच ठेवाव्यात.

फोटोंच्या मूळ, न कापलेल्या फाइल तारखेसह दोन ठिकाणी साठवाव्यात. इतरांना दाखवायच्या प्रतीत जुन्या मालकांची नावे व पत्ते झाकावेत, आणि व्हीआयएनचे शेवटचे आकडे तसेच पॅडच्या अक्षरांचे स्पष्ट फोटो सार्वजनिक करू नयेत, कारण नकली शिक्का मारणाऱ्याला नेमका तोच नमुना हवा असतो. गाडी विकली गेली तर पूर्ण नोंदीची एक प्रत खरेदीदाराला द्यावी आणि दुसरी स्वतःकडे ठेवावी, म्हणजे पुढे कोणी त्यात फेरफार केल्यास मूळ मजकुराशी ताडून पाहता येईल.